अरोराचा प्रतिध्वनी की यंत्राचं भूत? ट्रोम्सोच्या एका रात्रीच्या नोंदीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नॉर्वेत ट्रोम्सोजवळ ‘आयस्कॅट’ या युरोपीय संशोधन संस्थेचं ९३० मेगाहर्ट्झचं रडार आहे. त्यावरची अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, एका रात्रीची नोंद विचारणाऱ्याच्या हातात आहे. अँटेना चुंबकीय क्षेत्ररेषेच्या दिशेने रोखलेली. ३२ बिटांचा अल्टरनेटिंग कोड, प्रत्येक बिट २० मायक्रोसेकंदांचा, ६४ कोडांचं एक चक्र, दोन पल्समध्ये ६ मिलिसेकंद, आणि चित्र काढताना ५ सेकंदांची सरासरी. चित्रात तीन गोष्टी दिसतात: ११० किलोमीटरवर एक झळाळता थर, त्याच्या वर सुमारे २०० किलोमीटरपर्यंत फिकट आडवे पट्टे, आणि एका क्षणी ३५० किलोमीटरच्या आसपास असा वर्णपट (कुठल्या वारंवारतेवर किती शक्ती परतली त्याचा आलेख) की ज्याचा एक खांदा, म्हणजे मधल्या रेषेच्या एका बाजूचा उंचवटा, दुसऱ्याच्या कितीतरी पट उंच. “यातला अरोरा किती आणि सॉफ्टवेअर किती? सरळ मीडियन फिल्टर लावून टाकू का?”

फिल्टरचं, म्हणजे प्रत्येक मूल्याच्या जागी शेजाऱ्यांचा मध्यक ठेवण्याचं, उत्तर आधी देते: लावू नका, निदान आज तरी नको. रडारच्या शक्तीच्या सुट्या नमुन्यांचं वाटप सममित नसतं, घातांकी असतं. अशा वाटपाचा मध्यक हा सरासरीच्या ०.६९ पट येतो. म्हणजे कच्च्या नमुन्यांवर मीडियन लावलात की इलेक्ट्रॉन घनता तीस टक्के गायब, तीही गुपचूप. पुष्कळ नमुन्यांची सरासरी घेऊन मग लावला तर ही तूट कमी होते, पण दुसरी अडचण उरते. या चित्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती तिसरी खूण असू शकते, आणि फिल्टर नेमकी तीच खाईल. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं.

आता मुळापासून. आपण ज्याला प्रतिध्वनी म्हणतो तो किती क्षीण असतो, याचा हिशोब एकदा हाताने करून बघावा. एका इलेक्ट्रॉनचं रडारला दिसणारं क्षेत्रफळ सुमारे १०⁻²⁸ चौरस मीटर. आयनांच्या संगतीमुळे त्यातलं साधारण निम्मंच आपल्या कामाच्या अरुंद वर्णपटात येतं. २०० किलोमीटरवर आपला झोत सुमारे दोन किलोमीटर रुंद असतो. त्यातला तीन किलोमीटर जाडीचा काप घेतला आणि घनमीटरला १०¹¹ इलेक्ट्रॉन धरले, तर सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ भरतं एका चौरस मिलिमीटरचा विसावा भाग. याउलट त्याच अंतरावर एक चौरस मीटरचा उपग्रह आला तर तो या कापापेक्षा दोन कोटी पट मोठा दिसतो. हे प्रमाण डोक्यात पक्कं ठेवा. पुढची निम्मी भुतं यातूनच निघतात.

दुसरी अडचण वेळेची. या लहरींवर आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराचा) ‘स्वभाव’ शंभर-एक मायक्रोसेकंदांत बदलतो, आणि ५०० किलोमीटरवरून परत यायला लहरीला ३.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक पल्स सोडा, वाट बघा, दुसरी सोडा आणि दोघींची तुलना करा, हा साधा मार्ग बंद. वर्णपट हवा तर एकाच लांब पल्सच्या आतली तुलना करावी लागते, आणि लांब पल्स म्हणजे उंचीचा गोंधळ. तुमच्या ६४० मायक्रोसेकंदांच्या पल्सची लांबी अंतराच्या भाषेत ९६ किलोमीटर होते. यातून वाट काढली ती १९८७ मध्ये लेहतिनेन आणि हॅगस्ट्रॉम यांनी, अल्टरनेटिंग कोडने. पल्सचे बिट ठरावीक क्रमाने उलटसुलट करत ६४ वेगवेगळे कोड सोडायचे, प्रत्येकाचे गुणाकार योग्य चिन्हाने जमा करायचे. नको त्या उंचीवरून आलेलं सगळं एकमेकांना छेदून शून्य होतं आणि हवा तो तीन किलोमीटरचा काप उरतो.

छेदून शून्य होतं, पण कधी? चक्र पूर्ण झाल्यावर, सरासरीने, आणि त्या चक्रात आकाश बदललं नसेल तर. तुमचं चक्र ३८४ मिलिसेकंदांचं. अरोराचे किरण तेवढ्या वेळात दोनदा उजळून विझतात. मग छेद अर्धवट होतो आणि झळाळत्या थराचा उष्टा अंश शेजारच्या उंचींवर सांडतो. आकाश अगदी स्थिर असलं तरी तो थर शेजारच्या उंचींवरचा गोंगाट वाढवतोच, कारण शून्य होते ती सरासरी, चढउतार नव्हे.

किती दूर सांडेल? पल्सच्या लांबीइतकं, त्यापलीकडे नाही. तुमची अँटेना सुमारे ७७ अंशांवर आहे, म्हणजे ११० किलोमीटर उंचीचा थर अंतराने ११३ वर. त्यात ९६ मिळवा, २०९. उंचीत परत आणा, २०४. आणि तुम्ही लिहिलंय, पट्टे “सुमारे २०० किलोमीटरपर्यंत” आहेत. मला हे वाचूनच हसू आलं. अरोराला तुमच्या पल्सची लांबी माहीत नसते. खालच्या बाजूला तसेच पट्टे का नाहीत, असं विचाराल, तर पल्स बाहेर पडत असताना रिसीव्हर बंद असतो, म्हणून ती बाजू कापली गेलीय.

तरी माझ्या हसण्यावर विसंबू नका, तपासून बघा. उंची एका अक्षावर आणि लॅग (पल्सच्या आत ज्या दोन क्षणांची तुलना करतो त्यांच्यातलं अंतर, बिटांत मोजलेलं) दुसऱ्यावर असा नकाशा काढा. पहिल्या लॅगला ३२ बिटांतल्या ३१ जोड्या लागतात, दहाव्याला २२, विसाव्याला १२. जितक्या जोड्या तितक्याच बिटांपर्यंत भूत पसरतं. त्यामुळे खरं भूत असेल तर थरापासून वर निमुळता होत जाणारा त्रिकोण दिसेल. आयनांबरातली कुठलीही खरी रचना असा त्रिकोण काढत नाही.

आणखी एक तपासणी, जी लोक आळसाने टाळतात: ऋण मूल्यं दाखवा. अर्धवट छेदाचा उरलेला भाग कधी धन असतो, कधी ऋण. शक्ती ऋण कशी असेल, म्हणून आलेख काढणारा प्रोग्राम लॉगरिदम घेताना ती मूल्यं पांढरी सोडतो. उरतात फक्त धन ठिपके, आणि डोळा त्यांना जोडून थर बनवतो. रेषीय मापावर, शून्याच्या दोन्ही बाजूंना दोन रंग देऊन तेच चित्र पुन्हा काढा. पट्टे लाल-निळे एकाआड एक आले तर विषय संपला. काही भाग सगळाच लाल राहिला तर तो ठेवा. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरच्या वर, दोनशे किलोमीटरच्या आसपासच थांबतात आणि तिथली घनता खरोखर वाढवतात. भूत आणि खरा माणूस एकाच खोलीत असू शकतात.

११० किलोमीटरचा थर खरा आहे असं मला वाटतं, पण ‘खरा’ म्हणजे ‘अरोराचा’ असं नाही. त्या उंचीवर लोखंड-मॅग्नेशियमसारख्या धातूंच्या आयनांचे पातळ थर, स्पोरॅडिक-ई, मुक्काम ठोकून असतात. ओळख त्यांच्या मरण्याच्या रीतीवरून पटते. अरोरातले इलेक्ट्रॉन नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनच्या रेण्वीय आयनांशी पुन्हा जुळतात. पुनर्संयोगाचा गुणांक सुमारे ३×१०⁻¹³ घनमीटर प्रतिसेकंद आणि घनता ३×१०¹¹ धरली तर दहाएक सेकंदांत थर उतरणीला लागतो. म्हणजे चढ झपकन, उतार सावकाश. धातूंचे आयन मात्र एकअणू असल्याने सहजी जुळत नाहीत, तो थर अर्धा-पाऊण तास तसाच बसून राहतो. आणि यंत्राचं भूत? ते सरासरीच्या सीमेवर येतं आणि सीमेवरच जातं, ना चढ ना उतार. तुमच्या पाच सेकंदांच्या चौकटीत दहा सेकंदांचा उतार दोनच ठिपक्यांत संपतो, म्हणून आधी एकेका चक्रावर, ०.३८४ सेकंदांवर या.

इथे एक फाटा फोडते, कारण प्रश्नात ‘अरोराचा रडार प्रतिध्वनी’ हा शब्दप्रयोग सरसकट आलाय आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. आयस्कॅट बघतं तो उष्णतेमुळे अस्ताव्यस्त हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा क्षीण प्रतिध्वनी. जुना, इतिहासातला ‘रडार-अरोरा’ म्हणजे प्लाझ्मा (हा विद्युतभारित वायू) अस्थिर होऊन त्यात लाटा उठतात आणि त्या आरशासारख्या चमकतात, तो. १९३८ मध्ये हारांग आणि स्टॉफ्रेगेन यांनी हजार किलोमीटरहून जास्त उंचीवरून आलेले विखुरलेले प्रतिध्वनी म्हणून जे नोंदवले, ते आज या दुसऱ्या जातीचे आद्य नमुने मानले जातात, उंचावरून नव्हे तर तिरपे, दूरवरून आलेले. रडार अंतर सांगतं, उंची आपण लावतो. या क्षेत्राची सुरुवातच त्या धड्याने झाली म्हणायची.

या लाटांमागची अस्थिरता १९६३ मध्ये फार्ली आणि ब्युनमन यांनी वेगवेगळी मांडली. तीच आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्ताच्या विद्युतप्रवाहातही उठते. थुंब्याच्या ५४.९५ मेगाहर्ट्झ रडारने तिचा पुष्कळ अभ्यास झालाय. केरळच्या किनाऱ्यावर आणि आर्क्टिकच्या बर्फावर तीच लाट, याचं मला अजून अप्रूप वाटतं. ही लाट दिसायला झोत चुंबकीय रेषेला जवळजवळ काटकोनात लागतो, एक-दोन अंशांचीच सवलत. ध्रुवाकडे त्या रेषा उभ्याच्या जवळ असतात, म्हणून ट्रोम्सोवरचं आकाश या पद्धतीने बघायचं तर रडार दूर दक्षिणेला, साधारण नऊशे किलोमीटरवरच्या फिनलंडमधल्या हांकासाल्मीसारख्या ठिकाणी ठेवावं लागतं.

आणि नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट ही की हा प्रतिध्वनी प्रकाशाच्या पट्ट्यावर नसून बऱ्याचदा त्याच्या शेजारी असतो. लाट उठायला मीटरला सुमारे २० मिलिव्होल्टचं विद्युतक्षेत्र लागतं. झगझगीत पट्ट्याच्या आत वाहकता इतकी वाढते की तिथलं क्षेत्र पडतं. कॅमेरा आणि रडार यांची चित्रं जुळत नाहीत म्हणून अँटेनाच्या दिशेत ‘दुरुस्ती’ करणारे महाभाग मी पाहिलेत. दिशा बरोबर होती. शिवाय या लाटांचा वेग ध्वनिवेगाशी, सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास, अडकून बसतो. प्लाझ्मा हजाराने वाहत असला तरी डॉप्लर, म्हणजे वेगामुळे वारंवारतेत पडणारा फरक, चारशेच दाखवतो. तो आकडा वाऱ्याचा वेग म्हणून छापू नये.

आता तिसरी खूण, जिच्यासाठी एवढं लिहायला बसले. एक खांदा प्रचंड उंच असलेले असे वर्णपट १९८८ मध्ये फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिलस्टोन हिलवरून प्रसिद्ध केले. पाठोपाठ १९९१ मध्ये रीटफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आयस्कॅटवरून. त्याआधी असं काही दिसलं की ‘उपग्रह गेला’ म्हणून टाकून द्यायची पद्धत होती, आणि ती अगदीच वेडगळ नव्हती. का, ते बघा.

अँटेना दक्षिणेकडे बारा-तेरा अंश कललेली. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह उत्तर-दक्षिण धावतो, सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. कललेल्या झोतातून जाताना त्या वेगाचा जो भाग आपल्या दिशेने पडतो तो होतो १.३ ते १.४ किलोमीटर. ९३० मेगाहर्ट्झवर त्याचा डॉप्लर आठ-नऊ किलोहर्ट्झ. आणि आयनध्वनीचे (प्लाझ्मातल्या ध्वनीसारख्या लाटांचे) खांदे, जे त्या लाटा बळावल्या की खऱ्या घटनेत उंच होतात, ते त्या उंचीवर कुठे असतात? मधल्या रेषेपासून साधारण पाच ते दहा किलोहर्ट्झवर. म्हणजे उपग्रह नेमका खांद्यावरच येऊन बसतो! वर, कोडच्या सांडण्यामुळे त्या एका ठिपक्याचं खाली-वर ९६ किलोमीटरचं भूत होतं आणि ते उंचीत पसरलेल्या खऱ्या घटनेसारखं दिसतं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. दोन पल्समध्ये ६ मिलिसेकंद, म्हणजे ९०० किलोमीटर. १२५० किलोमीटरवरच्या वस्तूचा प्रतिध्वनी पुढच्या पल्सनंतर येतो आणि ३५० वर बसतो. ३५० किलोमीटरवर उपग्रह विरळाच, पण १२५० वर कक्षेतला कचरा भरपूर. फरक एवढाच की तो प्रतिध्वनी आधीच्या कोडचा असतो आणि आपण उलगडतो पुढच्या कोडने, त्यामुळे तो एका कापात गोळा न होता फुटून पसरतो. म्हणून त्या पाच सेकंदांतला कच्चा डेटा काढा, एकेक पल्स आधीच्या कोडने उलगडून बघा. धारदार ठिपका मिळाला तर तो कचरा. उपग्रहांच्या यादीत त्या वेळी त्या दिशेला काय होतं तेही तपासा, पण यादीत नसणं हा पुरावा धरू नका. लहान तुकडे यादीत नसतात.

ठिपका नाही मिळाला तर पुढचे प्रश्न. खांद्याची वारंवारता उंचीबरोबर बदलते का? खऱ्या घटनेत ती वर जाताना वाढते, कारण वर तापमान जास्त. उपग्रहाची रेघ सगळीकडे एकाच वारंवारतेवर. किती वेळ टिकली? उपग्रह झोत ओलांडायला एक-दोन सेकंद घेतो आणि शक्ती गुळगुळीत टेकडीसारखी चढून उतरते. खरी घटना सेकंदाच्या अंशात लुकलुकते, कधी एक खांदा, कधी दुसरा, कधी दोन्ही. ग्रिडलँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर दोन अँटेनांचं इंटरफेरोमीटर वापरून दाखवलं की हा वाढलेला प्रतिध्वनी झोतभर पसरलेला नसतो, काहीशे मीटर रुंदीच्या तंतूंमधून येतो. त्यामुळे शेवटचा साक्षीदार म्हणजे चुंबकीय शिरोबिंदूकडे (क्षेत्ररेषेच्या दिशेने वर) रोखलेला अरुंद दृष्टीचा कॅमेरा. त्या क्षणी तिथे उंच किरण नाचत असतील तर तुमच्या हातात चांगला शोधनिबंध आहे.

त्या क्षणाचं फिट केलेलं, म्हणजे वर्णपटाला सूत्र जुळवून काढलेलं, तापमान आणि घनता मात्र कुठेही वापरू नका. फिट करणारा प्रोग्राम प्लाझ्मा शांत आणि तप्त-संतुलित आहे असं गृहीत धरतो. नसलं तरी तो आकडा देतोच, दहा हजार केल्विनसुद्धा बिनदिक्कत. शांत क्षणांतही दोन जागा सांभाळा. पाच सेकंदांत प्लाझ्माचा वेग बदलला तर सरकलेले वर्णपट एकावर एक पडून रुंद होतात, आणि प्रोग्राम ती रुंदी आयनांचं तापमान म्हणून खपवतो. दुसरं, रुंदीतून कळतं ते तापमान आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर. दोनशे किलोमीटरच्या आसपास आयन ऑक्सिजनचे अणू (१६) समजलात आणि प्रत्यक्षात नायट्रिक ऑक्साइड (३०) असले तर तापमान जवळजवळ निम्मं येतं. जोरदार विद्युतक्षेत्रात रेण्वीय आयन खरोखरच वाढतात, म्हणजे तापतं तेव्हाच थंड दिसतं. कच्ची, म्हणजे फिट न करता नुसत्या शक्तीवरून काढलेली, घनता पण बघा: ती दोन्ही तापमानं सारखी धरून काढलेली असते. इलेक्ट्रॉन आयनांच्या तिप्पट तापले की ती खऱ्याच्या निम्मी दिसते.

एक बारीकशी खूण राहिली. एखाद्या पाच सेकंदांत सगळ्या उंची एकदम काळवंडलेल्या दिसल्या तर आकाशाला दोष देऊ नका. पार्श्वभूमीचा गोंगाट दूरच्या अंतरांवरून मोजून सगळीकडून वजा करतात. नेमका तिथेच उपग्रह आला की वजाबाकी जास्त होते.

हे सगळं मी शहाणपणाने शिकले नाही. पहिल्या हिवाळ्यात मला आयनांच्या वेगात दर सहा मिनिटांनी येणारी देखणी लाट सापडली होती. आठवडाभर तिच्यावर गणितं केली. आठव्या दिवशी ऑपरेटरने चहा पिता पिता विचारलं, “अँटेना किती मिनिटांनी फेरी पूर्ण करते, ठाऊक आहे ना?” सहा. तेव्हापासून कुठलाही काळ किंवा अंतर दिसलं की मी आधी प्रयोगाच्या सेटिंगमधले सगळे आकडे कागदावर लिहून शेजारी ठेवते: बिट, पल्स, चक्र, सरासरी, अँटेनाची फेरी. जुळला तर मला भीती वाटते. तुमचे २०० किलोमीटर जुळले. ३५० चं अजून ठरायचंय.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ०.३८४ सेकंदांवर ऋण मूल्यांसकट नवं चित्र, मग लॅगचा त्रिकोण, मग त्या एका क्षणाचा कच्चा डेटा आधीच्या कोडने. कॅमेऱ्याचं चित्र सगळ्यात शेवटी लावा, आणि लावण्याआधी त्याचं घड्याळ त्या रात्री जीपीएसशी जुळलेलं होतं का ते विचारा. आमच्या एका मोहिमेत ते अकरा सेकंद मागे होतं, आणि आम्ही तीन महिने प्रकाश येण्याआधीच रडारला अरोरा कसा कळतो याची कारणं शोधत होतो.